अहवालाची वाट पाहताना



कॅन्सर हा शब्द पूर्वी घरात उच्चारताना माणसे आवाज खाली आणीत असत. आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि नवी औषधे यांमुळे अनेक रोगी बरे होतात, कामावर रुजू होतात, लग्नकार्यात व सभा-संमेलनांत पूर्वीसारखे वावरतात. आपण त्यांना "आता कसे आहे?" असे विचारतो, "एकदम ठीक" असे उत्तर ऐकतो आणि पुढे जातो. परंतु या माणसांना ठरावीक काळाने तपासणीसाठी जावे लागते. तपासणी झाल्यापासून अहवाल हाती येईपर्यंतचे चार-आठ दिवस ती कशी काढतात, हे मात्र आपण सहसा विचारीत नाही. आजार परत तर आला नसेल ना, हा एकच प्रश्न त्या दिवसांत घरभर फिरत असतो. प्रस्तुत लेख त्या दिवसांविषयी आहे.

आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत लिपिकाचे काम करणारा माणूस वैद्यकावर काय लिहिणार, असे कोणी म्हणेल. परंतु २०२१ साली आमच्या पत्नीला स्तनाचा कॅन्सर झाला आणि हा विषय आमच्या घरात राहावयास आला. तेव्हापासून जे वाचले, जे डॉक्टरांना विचारून समजून घेतले आणि जे उपयोगी पडले, ते येथे मांडीत आहोत.

भीतीला नाव आहे

पहिली गोष्ट ही की, या भीतीला दुबळेपणा समजू नये. वैद्यकशास्त्राने तिची स्वतंत्र दखल घेतलेली आहे. अमेरिकेतील कूचर आणि ओमॅली या संशोधकांनी लहानपणी कॅन्सर होऊन त्यातून वाचलेल्या मुलांच्या मनःस्थितीवर १९८१ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे नाव 'द डॅमोक्लिस सिंड्रोम'. ग्रीक कथेतील डॅमोक्लिस राजाच्या आसनावर मेजवानीला बसतो आणि वर पाहतो तो डोक्यावर एका केसाला टांगलेली तलवार! पुढे पक्वान्ने आहेत, पण घास गळ्याखाली उतरत नाही. बरे झालेल्या रोग्याची अवस्था काहीशी अशीच असते. पुढे २०११ साली ब्रूस फायलर या लेखकाने, जो स्वतः हाडाच्या कॅन्सरमधून गेला होता, स्कॅनच्या वेळी वाटणाऱ्या भीतीवर 'टाइम' साप्ताहिकात लिहिले. 'स्कॅन' आणि 'अँग्झायटी' हे दोन शब्द जोडून झालेला 'स्कॅन्झायटी' हा शब्द आज डॉक्टरांच्या लेखनातही आढळतो.

ही भीती उपचार चालू असताना कमी आणि उपचार संपल्यावर जास्त जाणवते, असा अनेकांचा अनुभव आहे. त्याला कारण आहे. उपचार चालू असताना दर आठवड्याला डॉक्टर दिसतात, काहीतरी केले जात आहे असे वाटते. उपचार संपले की रोगी एकटा पडतो. दुसरे कारण असे की, शरीराकडे पाहण्याची दृष्टीच बदलून जाते. पूर्वी पाठ दुखली तर बाम चोळून माणूस झोपत असे. आता तीच पाठ दुखली तर रात्रभर जाग येते. दुखणे तेच असते, पण त्याचा अर्थ बदललेला असतो.

तपासणीत नेमके काय होते?

आपल्याला न समजलेली गोष्ट अधिक भिववते. म्हणून पेट-स्कॅन या तपासणीची थोडी माहिती घेऊ. भारतात ही तपासणी २००२ साली मुंबईत परळ येथे सुरू झाली. आता ती अनेक शहरांत होते.

कॅन्सरच्या पुष्कळ पेशी साखर, म्हणजे ग्लुकोज, अधिक प्रमाणात खातात. या गुणाचा येथे उपयोग केला जातो. रोग्याला काही तास उपाशी ठेवून, रक्तातील साखर तपासून, ग्लुकोजसारखाच एक किरणोत्सारी पदार्थ शिरेतून दिला जातो. त्यातील फ्लोरिन-१८ हे मूलद्रव्य सुमारे ११० मिनिटांत निम्मे होते, म्हणून ते शरीरात फार काळ टिकत नाही. इंजेक्शननंतर सुमारे एक तास रोग्याला शांत पडून राहावे लागते. बोलणे व हालचाल शक्यतो टाळावयाची असते, कारण काम करणारे स्नायूही साखर ओढून घेतात. त्यानंतर यंत्रात चित्रे घेतली जातात. जेथे साखर अधिक गोळा झाली, तेथे चित्रात उजळ ठिपका दिसतो.

आता महत्त्वाची गोष्ट. उजळ दिसते ते सर्व कॅन्सर नसते. मेंदू साखरेवरच चालतो, म्हणून तो नेहमीच उजळ दिसतो. मूत्रपिंड व मूत्राशय यांतून औषध बाहेर पडते, म्हणून तेही उजळतात. जखम भरत असेल, सूज असेल, किरणोपचार नुकतेच झाले असतील, तरी ती जागा उजळते. आपल्या देशात क्षयरोग अजून पुष्कळ आहे आणि क्षयाच्या गाठीही हुबेहूब उजळ दिसू शकतात. २०२१ साली कोविडची लस घेतलेल्या अनेकांच्या काखेतील गाठी अशाच उजळून दिसल्या होत्या. उलट, काही प्रकारचे कॅन्सर या तपासणीत नीट दिसतच नाहीत. म्हणून केवळ ठिपका पाहून निकाल देता येत नाही.

अहवालाला वेळ लागतो तो याच कारणाने. शेकडो चित्रे डोळ्यांखालून घालावी लागतात, पूर्वीच्या चित्रांशी ताडून पाहावी लागतात. एका अहवालावर दोन डॉक्टर नजर टाकतात असेही होते. "उशीर झाला, म्हणजे नक्की काहीतरी वाईट निघाले," हा तर्क जवळजवळ प्रत्येक घरात केला जातो. त्याला आधार नसतो. उशीर बहुधा कामाच्या गर्दीचा किंवा सुट्टीचा असतो. येथे एक व्यवहाराची सूचना करावीशी वाटते. जुने अहवाल आणि जुन्या तपासण्यांच्या सीडी तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावून सोबत न्याव्यात. जुने चित्र हाताशी असेल, तर "ही गाठ तीन वर्षांपूर्वीही एवढीच होती" असे डॉक्टरांना ठामपणे सांगता येते.

अहवालातील शब्द

हल्ली अहवाल डॉक्टरांच्या आधी आपल्या मोबाईलवर येतो. रात्री दहा वाजता तो उघडला जातो, इंग्रजी शब्द एकेक करून शोधले जातात आणि झोप जाते. म्हणून काही नेहमीचे शब्द माहीत असावेत. 'इम्प्रेशन' म्हणजे शेवटचा निष्कर्ष. 'अनरिमार्केबल' म्हणजे दखल घेण्यासारखे काही नाही, हा चांगला शब्द आहे. 'डीजनरेटिव्ह चेंजेस' म्हणजे वयोमानाने होणारी झीज. 'रिॲक्टिव्ह' म्हणजे सूज किंवा जंतुसंसर्ग यांना शरीराने दिलेला प्रतिसाद. 'इन्डिटरमिनेट' म्हणजे एवढ्यावरून सांगता येत नाही, आणखी पाहावे लागेल. 'क्लिनिकल कोरिलेशन' म्हणजे चित्राबरोबर रोग्याला प्रत्यक्ष तपासून डॉक्टरांनी ठरवावे.

हे सर्व असूनही अहवालाचा अर्थ उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच सांगावयाचा असतो. तो मोबाईलवर आला तर उघडावयाचा की डॉक्टरांसमोरच पाहावयाचा, हे घरात आधीच ठरवून ठेवावे.

अधिक तपासण्या म्हणजे अधिक सुरक्षितता काय?

भीती वाटू लागली की माणूस म्हणतो, "सगळ्या तपासण्या दर तीन महिन्यांनी करा, पैसे गेले तरी चालतील." ही भावना समजण्यासारखी आहे. परंतु या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास झालेला आहे. १९९४ साली इटलीतील दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. एकात १,३२० आणि दुसऱ्यात १,२४३ स्त्रिया होत्या. सर्वांवर स्तनाच्या कॅन्सरचे उपचार झालेले होते. निम्म्या स्त्रियांच्या वारंवार भरपूर तपासण्या केल्या. उरलेल्यांची फक्त डॉक्टरांकडून तपासणी व मॅमोग्राफी केली. वर्षांनंतर पाहिले तेव्हा, किती स्त्रिया जगल्या यात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणूनच स्तनाच्या कॅन्सरनंतर काहीही लक्षण नसताना वारंवार पेट-स्कॅन किंवा रक्तातील 'मार्कर' तपासू नयेत, असे आज डॉक्टरांच्या मार्गदर्शक तत्त्वांत सांगितले जाते. ठरलेल्या वेळी डॉक्टरांची तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी हा त्यातील मुख्य भाग आहे.

प्रत्येक कॅन्सरचा नियम वेगळा असतो हे मात्र विसरू नये. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये ठरावीक काळाने सीटी-स्कॅन व रक्ततपासणी आवश्यक मानतात. आपल्याकडे तंबाखू व गुटख्यामुळे फार आढळणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये डॉक्टरांनी तोंड व मान प्रत्यक्ष पाहून, चाचपून तपासणे यालाच मोठे महत्त्व आहे, आणि पहिली दोन वर्षे विशेष जपावयाची असतात. तेव्हा "शेजारच्यांचे दर सहा महिन्यांनी स्कॅन होते, आमचे का नाही?" असे मनात कुढत न बसता डॉक्टरांना सरळ विचारावे. डॉक्टरांनी तपासणी कमी सांगितली म्हणजे दुर्लक्ष केले, असे नव्हे.

वाट पाहण्याचा अभ्यास

वाट पाहणे हाही अभ्यासाचा विषय झाला आहे, हे वाचून विद्यार्थ्यांना नवल वाटेल. अमेरिकेत केट स्वीनी या मानसशास्त्रज्ञ महिलेने कॅलिफोर्नियातील कायद्याच्या पदवीधरांचा अभ्यास केला. तेथे वकिलीची परीक्षा दिल्यावर निकालाला सुमारे चार महिने लागत असत. त्या काळात कोणी मन दुसरीकडे वळवीत होते, कोणी चांगल्याची आशा धरीत होते, कोणी वाईटाची तयारी करीत होते. २०१६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, या युक्त्यांनी काळजी विशेष कमी झाली नाही. परंतु ज्यांनी काळजीत दिवस काढले, त्यांनी वाईट निकाल आल्यावर पुढचे पाऊल अधिक नीट टाकले, आणि चांगला निकाल आल्यावर त्यांना आनंदही अधिक झाला. याचा अर्थ, काळजी वाटली म्हणून आपण हरलो असे मुळीच नाही. पुढच्या अभ्यासांत तिला असेही दिसले की, ज्या कामात माणूस पूर्ण गुंतून जातो, थोडी बुद्धी आणि हात दोन्ही लागतात, अशा कामाने हा काळ सुसह्य होतो. नुसते टीव्हीसमोर बसून तसे होत नाही.

"विचारच करू नका" हा सल्ला मात्र निरुपयोगी आहे. १९८७ साली डॅनिएल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना सांगितले की, पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करावयाचा नाही. झाले, अस्वल पुनःपुन्हा मनात येऊ लागले! विचार दाबला की तो उसळतो. याउलट, थॉमस बोर्कोव्हेक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली वेगळा उपाय सुचवला. दिवसातील अर्धा तास काळजीसाठीच राखून ठेवावयाचा. एरवी काळजी आली तर तिला सांगावयाचे की, तुझी वेळ संध्याकाळी आहे. हा उपाय साधा आहे, परंतु त्याने काळजी कमी झाल्याचे आढळले.

श्वासाकडे लक्ष देण्याची साधना आपल्या वाचकांना नवी नाही. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे तिच्यावर आधारलेला वर्ग रुग्णालयात सुरू केला. पुढे कॅनडातील कॅल्गरी येथे कॅन्सरच्या रोग्यांवर तिचे अभ्यास झाले व तणाव कमी झाल्याचे दिसून आले. तिने कॅन्सर बरा होतो असा दावा तेथे कोणी केलेला नाही, आणि आपणही करू नये. संयुक्त निकायातील सल्लत्थ सुत्तात दोन बाणांचा दृष्टांत आहे. शरीराला होणारी वेदना हा पहिला बाण आणि तिच्यावरून मनाने केलेला शोक हा दुसरा. अहवालाच्या दिवसांत पहिला बाण अजून लागला आहे की नाही हेही ठाऊक नसते आणि दुसऱ्याने माणूस घायाळ झालेला असतो.

आमच्या घरातील पाच दिवस

२०२४ च्या फेब्रुवारीत पत्नीची कंबर तीन आठवडे दुखत होती. डॉक्टरांनी पेट-स्कॅन सांगितला. शुक्रवारी तपासणी झाली, अहवाल बुधवारी मिळावयाचा होता. त्या पाच दिवसांत आम्हांला आमच्याच नोकरीतील एक गोष्ट उपयोगी पडली.

बँकेत एखादी रक्कम येते, पण ती कोणाच्या खात्याची हे त्या दिवशी कळत नाही. अशी रक्कम आम्ही अंदाजाने कोणाच्या नावे टाकीत नाही. ती उचंत खात्यात ठेवतो. तिची रीतसर नोंद होते, ती लपवली जात नाही. परंतु कागद येईपर्यंत ती कोणाची ठरवतही नाही. आणि तेवढ्यासाठी बँकेचे बाकी व्यवहार बंद पडत नाहीत.

हे आम्ही पत्नीला सांगितले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग अहो, माझी कंबर सध्या उचंत खात्यात!" त्यानंतर घरात तसेच बोलणे सुरू झाले. रात्री जेवणानंतर अर्धा तास आम्ही दोघे बसत असू. मनात येईल ते बोलावयाचे, त्यातून जे प्रश्न निघतील ते वहीत लिहावयाचे. काही निघालेच तर उपचार कोणते, मुलीच्या बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत घर कोण पाहील, रजा किती शिल्लक आहे, असे प्रश्न त्यात होते. अर्धा तास झाला की वही मिटावयाची. शनिवार-रविवार त्यांनी जुन्या साड्यांची गोधडी शिवावयास घेतली. दुसऱ्या रात्री त्या रडल्या. आम्ही समजूत घातली नाही, जवळ बसून राहिलो.

बुधवारी अहवाल आला. कंबरेत मणक्यांची झीज होती. परंतु काखेतील एक गाठ किंचित उजळ दिसली होती, बहुधा 'रिॲक्टिव्ह' असावी, तीन महिन्यांनी सोनोग्राफी करून पाहू, असे डॉक्टर म्हणाले. म्हणजे उचंत खाते बंद झालेच नाही! ते तीन महिने पाच दिवसांहून अवघड होते. परंतु वही होती, अर्धा तास होता, गोधडी पुरी व्हावयाची होती. मे महिन्यात गाठ लहान झालेली दिसली. तपासण्या आजही चालू आहेत आणि प्रत्येक वेळी भीती वाटते. मात्र ती सगळे घर व्यापून बसत नाही.

घरच्यांनी व विद्यार्थ्यांनी काय करावे?

"काही होणार नाही, काळजी करू नका," असे म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो. परंतु रोगी त्यानंतर बोलावयाचा थांबतो. त्यापेक्षा "अहवाल कधी आहे? सोबत येऊ का?" असे विचारावे. ती तारीख लक्षात ठेवून आदल्या दिवशी फोन करावा. दुसऱ्या कोणाचा आजार कसा परतला, याच्या कथा सांगू नयेत. रामबाण काढे व जडीबुटी सुचवू नयेत.

ज्या विद्यार्थ्यांच्या घरी आई किंवा वडील आजारी आहेत, त्यांना विशेष सांगावेसे वाटते. मोठी माणसे कुजबुजतात तेव्हा तुम्हांला अधिक भीती वाटते, हे आम्ही जाणतो. सरळ विचारा. आपल्या वागण्यामुळे किंवा कमी गुणांमुळे आजार परतत नाही, हे पक्के लक्षात ठेवा. इंग्रजी वाचता येत असेल तर फाइल लावणे, प्रश्न लिहून घेणे, डॉक्टर सांगतील ते टिपून घेणे ही कामे तुम्ही उत्तम करू शकता. पालकांनीही मुलांना खरे तेवढे सांगावे. आम्ही मुलीला तारीख व कारण दोन्ही सांगितले होते. तिने पेपर व्यवस्थित दिले.

केव्हा मदत घ्यावी?

भीतीपोटी तपासणी चुकवणे हा सर्वांत मोठा धोका आहे. "न कळलेले बरे" असे म्हणून तारीख टाळू नये. नवी गाठ, दोन आठवड्यांहून अधिक टिकणारे किंवा वाढत जाणारे दुखणे, रक्तस्राव, कारण नसताना घटणारे वजन, धाप, आवाजातील बदल, न भरणारी जखम यांपैकी काही असल्यास पुढील तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

भीतीसुद्धा कधी कधी स्वतंत्र उपचार मागते. आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जेवण जात नसेल, काम होत नसेल, दिवसातून अनेकदा अंग चाचपून पाहिले जात असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर समुपदेशक किंवा मानसोपचार डॉक्टर यांच्याकडे जावे. त्यात कमीपणा नाही. ऑस्ट्रेलियात २२२ रोग्यांवर झालेल्या व २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शिकवलेल्या समुपदेशकाबरोबर पाच बैठका घेतल्यावर ही भीती लक्षणीय कमी झाल्याचे दिसले. मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत समुपदेशक व समाजसेवा विभाग असतो, तेथे चौकशी करावी. केंद्र शासनाची 'टेलिमानस' ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून मराठीतही बोलता येते. झोपेच्या गोळ्या मात्र कोणाच्या सांगण्यावरून, परस्पर दुकानातून आणून घेऊ नयेत.

वाचकहो, अहवालात काय येईल ते आपल्या हाती नसते. परंतु तपासणीला वेळेवर जाणे, कागद जपणे, प्रश्न लिहून ठेवणे, काळजीला वेळ नेमून देणे आणि मधले दिवस आपलेच आहेत असे समजून त्या दिवसांची कामे करणे, एवढे आपल्या हाती निश्चित आहे. आपल्या शेजारी, नात्यात, संस्थेत आज कोणी ना कोणी अशा अहवालाची वाट पाहत असेल. त्यांची तारीख विचारून घ्यावी व त्या दिवशी त्यांच्या सोबत जावे, एवढी विनंती करून, सर्व रोग्यांना व त्यांच्या कुटुंबियांना उत्तम आरोग्य लाभो ही मंगलकामना व्यक्त करतो आणि लेख संपवतो.